मूर्खलक्षणांची थोरवी

समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांना दिला आणि त्याच दशकाचा दहावा समास पढतमूर्खांना. पहिली यादी भली लांब आहे, तरी आमच्या झाडीपट्टीतली काही ठळक लक्षणं तीत राहून गेली. धान पिकेल अशी सखल जमीन पाण्याखाली घालणारा एक मूर्ख. बांधीतला मोह पिकावर सावली धरतो हे दिसत असूनही त्याला कुऱ्हाड न लावणारा दुसरा. उभ्या धानात, चिखलात, नांगर न घालता डाळीचं बी फेकणारा तिसरा. जेमतेम दीड एकर जमीन असताना तीन लोंब्यांच्या मागे वर्षानुवर्षं लागणारा चौथा. ऐन उन्हाळ्यात हातात पडणारा तेंदूपत्त्याचा रोख पैसा सोडून देणारं गाव पाचवं. आणि एकाही माणसाचा विरोध असेल तर ठराव न करता पुन्हा सभा भरवणारं गाव सहावं.

झाडीपट्टीतल्या चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत हे सहाही मूर्ख भेटतात. वही उघडून जमाखर्च मांडणाऱ्याला यातला एकेक व्यवहार तोट्याचा दिसेल, आणि एका वर्षाच्या हिशेबात तो तोट्याचा असतोही. मला मात्र या मूर्खपणाची स्तुती करायची आहे आणि ती मनापासून करायची आहे. पीक बुडालेल्या वर्षाचा दुष्काळ होतो की ते नुसतं एक वाईट वर्ष म्हणून निघून जातं, हे इथे याच मूर्खपणावर ठरत आलं आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. दुष्काळ म्हटलं की मराठी वाचकाला माण-खटाव आठवतो, बीड आठवतं, टँकर आणि चारा छावण्या आठवतात. चंद्रपूर-गडचिरोलीचं नाव त्या यादीत कुणी घेत नाही. इथे वर्षाला बाराशे ते पंधराशे मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे माणदेशाच्या दुप्पट-तिप्पट. वैनगंगा, वर्धा, प्राणहिता, इंद्रावती अशा भरल्या अंगाच्या नद्या आहेत. गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशांहून जास्त भाग जंगलाखाली आहे. अशा मुलखात माणूस उपाशी कसा मरेल, असं कुणालाही वाटावं.

पण इथे दुष्काळ पडला आणि भयंकर पडला. १८९६ साली मध्य प्रांतात पाऊस सुरुवातीला बरा झाला आणि सप्टेंबरात एकाएकी थांबला. धान हे पीक ऐन मोक्याच्या वेळी दगा देतं. जड धान निसवताना बांधीत पाणी नसेल तर लोंबीत दाणा भरत नाही. लांबून शेत हिरवंगार दिसतं आणि कापणीला हातात पोचट येतं. म्हणून इथला शेतकरी मृगापेक्षा हस्ताच्या पावसाकडे जास्त डोळे लावून असतो. त्या वर्षाच्या घावातून मुलूख सावरायच्या आत, १८९९ साली अख्खा पावसाळाच गेला. १९०० सालच्या ऐन संकटात मध्य प्रांतातली वीस लाखांवर माणसं सरकारी मदतीवर जगत होती. १८९१ च्या जनगणनेत चांदा जिल्ह्याची, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीची, लोकसंख्या सात लाखांच्या घरात होती, १९०१ च्या जनगणनेत ती सहा लाखांवर आली. दहा वर्षांपूर्वी सात माणसं होती तिथे सहाच उरली. काही भुकेनं आणि रोगानं मेली, काही गाव सोडून गेली, आणि जी मुलं त्या वर्षांत जन्माला यायची ती आलीच नाहीत.

या सगळ्याचं कारण पाऊस म्हणून मोकळं होता येत नाही. १८८० च्या दुष्काळ आयोगानंच लिहून ठेवलं होतं की दुष्काळात धान्यापेक्षा रोजगाराचा तुटवडा माणसाला आधी मारतो. शंभर वर्षांनी, १९८१ साली अमर्त्य सेन यांनी हीच गोष्ट शास्त्र म्हणून मांडली. धान्य बाजारात असतं, ते विकत घेण्याची ऐपत माणसाजवळ उरलेली नसते. झाडीपट्टीत याचा अर्थ अगदी सरळ होता. पीक बुडालं की कापणी बुडाली, मळणी बुडाली, आणि त्यावर वर्षाचं पोट अवलंबून असलेल्या मजुराची मजुरी बुडाली. त्याच वेळी धान्याचा भाव चढला. वरोऱ्यापर्यंत आगगाडी १८७० च्या दशकातच आली होती. आगगाडीनं धान्य आणता येतं तसं नेताही येतं, आणि ते पैसा असेल तिकडे जातं. कुळाच्या डोक्यावर मालगुजाराचं, म्हणजे गावच्या जमीनदाराचं, देणं होतं आणि सावकाराची सवाई-दिढी होती. ज्या जंगलात वाईट वर्षी कंदमुळांसाठी जायचं ते १८७८ च्या वन कायद्यानं राखीव होत चाललं होतं. दुष्काळ जाहीर झाल्यावर सरकारला तीच राखीव जंगलं चाऱ्यासाठी आणि रानातल्या अन्नासाठी खुली करावी लागली. ज्या दाराला कुलूप घातलं होतं तेच दार माणसं मरू लागल्यावर उघडावं लागलं, यातच दुष्काळाचं निम्मं कारण सांगून झालं.

परिणामांचाही एक क्रम असतो. आधी अंगावरचं चांदीचं किडुकमिडुक जातं. मग भांडी जातात. मग बैल जातात, तेही मातीमोल भावानं, कारण सगळ्या गावाचे बैल एकाच आठवड्यात बाजारात आलेले असतात. सगळ्यात शेवटी माणूस बियाण्याच्या ढोलीत हात घालतो. अर्धपोटी शरीराला कॉलरा, हगवण आणि हिवताप गाठतात, म्हणून मृत्यूच्या नोंदीत भूक हा शब्द क्वचितच दिसतो. पुढच्या वर्षी पाऊस चांगला पडतो, पण पेरायला बी नसतं, नांगराला बैल नसतात आणि रोवणीला वाकण्याची कमरेत ताकद नसते. दुष्काळ पाऊस पडल्यानं संपत नाही. बियाणं, बैल आणि माणूस हे तिन्ही पुन्हा उभे राहीपर्यंत तो चालूच असतो. त्या काळात मध्य प्रांतातून माणसं आसामच्या चहामळ्यांत गेली. त्यातली बरीच परत आली नाहीत.

आता त्या सहा मूर्खांकडे वळू.

पहिला मूर्ख तलाव बांधणारा. तलाव बांधायचा म्हणजे गावातली सखल, गाळाची, उत्तम जमीन कायमची पाण्याखाली घालायची आणि पाळ बांधायला माणसांचे उन्हाळेच्या उन्हाळे खर्चायचे. चांद्याच्या गोंड राजांनी या मूर्खपणाला राजाश्रय दिला. जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन बहाल करायची, अशी त्यांची रीत होती. त्या बहाल जमिनीला तुकूम म्हणत, आणि आजच्या चंद्रपूर शहरात तुकूम नावाची वस्ती आहे. कोहळी समाजानं तलाव बांधण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आज माजी मालगुजारी तलाव या सरकारी नावानं ओळखले जातात.

एखाद्या जुन्या पाळीवर उभं राहून पाहिलं की त्यातली बुद्धी दिसते. मातीची पाळ वळणदार असते, पाण्याचा दाब जिथे जास्त तिथे ती रुंद असते. एका टोकाला सलंग असते. तलाव भरला की जादा पाणी सलंगीवरून उतरून खालच्या तलावात जातं, तो भरला की त्याच्या खालच्यात. उतारावरची गावं अशी एका पाण्यानं जोडलेली असतात. पाळीखालच्या बांध्यांना ऑक्टोबरात हवं असलेलं ते एक शेवटचं पाणी इथून मिळतं. १८९६ साली धानाला नेमकं तेच एक पाणी कमी पडलं होतं. शिवाय काठाला गाळपेर, पाण्यात मरळ, कमळाचे कंद आणि शिंगाडे. धान बुडालं तरी ढिवराच्या जाळ्यात काहीतरी लागतं. १९०० सालच्या आघातानंतर इंग्रज सरकारलाही हीच गोष्ट पटली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत असोलामेंढा आणि घोडाझरीसारखे मोठे तलाव चांदा जिल्ह्यात उभे राहिले.

मालगुजारी १९५० च्या कायद्यानं संपली, हे न्यायाचंच झालं. मालगुजार तलावाची डागडुजी करवून घ्यायचा ती पुष्कळदा बेगारीनं. पण कायद्यानं मालकी सरकारकडे नेली आणि डागडुजी कुणाकडेच ठेवली नाही. पाळीवर झाडं वाढली, सलंगा फुटल्या, पोटात गाळ साचला, कडेनं बेशरम नावाचं झुडूप माजलं, कुठे तलावाच्या पोटातच धान पेरलं जाऊ लागलं. गोंदिया-भंडाऱ्याकडे मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवर समाजाच्या बायकांना सोबत घेऊन बेशरम उपटली, पाण्यातल्या देशी वनस्पती पुन्हा लावल्या आणि स्थानिक मासे परत आणले. उन्हाळ्यात चिखलात उतरून पाणवनस्पतींची रोपं लावणाऱ्या या बायकांना पहिल्या वर्षी त्यातून काय मिळत असेल, हे त्यांनाच ठाऊक. मूर्खपणाच्या परंपरेत त्यांचं स्थान गोंड राजांच्या शेजारी आहे.

दुसरा मूर्ख मोह न तोडणारा. मूल तालुक्यात एका बांधीत मोहाचं अवाढव्य झाड पाहून मी मालकाला विचारलं होतं, एवढ्या जागेत पोतंभर धान झालं असतं की. ते म्हणाले, "कायले तोडाचा जी? तो का आमाले खायले मांगते?" त्या उत्तरात वर्षाचं सगळं गणित आहे. धान घरात येतं ते कार्तिक-मार्गशीर्षात आणि लहान शेतकऱ्याच्या ढोलीचा तळ दिसू लागतो तो होळीच्या सुमाराला. मोहफूल पडतं ते नेमकं तेव्हा, मार्च-एप्रिलात. पहाटे अंधारात बाया-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, गरगरीत पिवळसर फुलं वेचतात, अंगणात वाळवतात. वाळलेलं फूल टिकतं. ते उकडून खातात, भाजून खातात, कुटून भाकरीत घालतात. बियांचं तेल निघतं. मुख्य म्हणजे या झाडाची मुळं खोल असतात. हस्ताचा पाऊस चुकला म्हणून मोह फुलायचा थांबत नाही. ज्या वर्षी धान पोचट निघतं त्या वर्षीही चैत्रात त्याची फुलं खाली पडतात.

या फुलाकडे राज्यकर्त्यांनी दारू म्हणूनच पाहिलं. मुंबई इलाख्यात तर १८९२ साली खास कायदा करून मोहफुलं बाळगण्यावरच बंधनं आणली गेली. दारूचा प्रश्न खरा आहे. गडचिरोलीतल्या बायकांनी आणि कार्यकर्त्यांनी लढून १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी मिळवली, तिच्यामागचं दुःख मी हलकं मानत नाही. पण भट्टी बंद करणं वेगळं आणि गरिबाच्या अंगणात वाळणाऱ्या अन्नाला गुन्हा ठरवणं वेगळं.

तिसरा मूर्ख लाखोळी फेकणारा. कापणीला दोन-तीन आठवडे असताना, बांधीत पाय रुततील एवढा ओलावा असताना, हा माणूस उभ्या धानात लाखोळीचं बी मुठीनं भिरकावतो. याला उतेरा म्हणतात. नांगर नाही, वखर नाही, खत नाही. धान कापेपर्यंत खाली लाखोळीचे कोंब आलेले असतात आणि मातीत उरलेल्या ओलीवर ती पुढे वाढते. पाणी साचलं तरी ती जगते, पाणी आटलं तरी जगते. ती मातीला नत्र देते, गुरांना चारा देते, माणसाला भाजी आणि डाळ देते. धान गेलेल्या वर्षीही बांधीतून काहीतरी घरात येतं.

या डाळीची काळी बाजूही सांगायला हवी. तिच्यात एक विषारी द्रव्य असतं. इतर अन्नाबरोबर, नीट शिजवून, पाणी काढून टाकून खाल्ली तर ती पचते. महिनोन्‌महिने दुसरं काहीच न खाता फक्त तीच खाल्ली तर पायांतली ताकद जाते आणि माणूस जन्मभर काठीवर येतो. मध्य भारतातल्या दुष्काळांत, आणि वेठबिगारांना मजुरी म्हणून हीच डाळ देणाऱ्या मालकांच्या शेतांवर, असे हजारो लोक पांगळे झाले. १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. ती महाराष्ट्रात २००८ साली उठली. मधल्या काळात पूर्व विदर्भातला शेतकरी ती पेरत होता, खात होता आणि विकतानाच तेवढा गुन्हेगार ठरत होता. माणसं पांगळी झाली ती ताटात दुसरं काहीच उरलं नव्हतं म्हणून. लाखोळीसोबत भात, भाजी आणि दुसरी डाळ ताटात येण्याची सोय झाली असती, तर बंदीची गरजच पडली नसती.

चौथा मूर्ख नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचा, दादाजी रामाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकरच्या आसपास. १९८३ साली पटेल-३ या वाणाच्या धानात त्यांना पिवळसर झाक असलेल्या तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. पोटाला दोन वेळा मिळवायची मारामार असलेल्या माणसानं अशा लोंब्या कापून बाकीच्या धानात टाकल्या असत्या. खोब्रागड्यांनी त्या बाजूला ठेवल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या लावल्या, त्यातलं उत्तम पुन्हा निवडलं आणि पुन्हा लावलं. काही वर्षांत बारीक, चवदार, भरघोस उतरणारं धान तयार झालं. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाच्या नावावरून बाजारानं त्याला एचएमटी म्हणायला सुरुवात केली आणि ते धान झाडीपट्टीची सीमा ओलांडून दूरवर गेलं. पुढे त्यांनी नांदेड चेन्नूर, नांदेड हिरा, विजय नांदेड, दीपक रत्न, डीआरके अशी आणखी वाणं काढली. १९९८ साली पंजाबराव कृषी विद्यापीठानं पीकेव्ही एचएमटी नावानं वाण प्रसिद्ध केलं. मूळ श्रेय कुणाचं याबद्दलचा सल खोब्रागड्यांच्या मनात शेवटपर्यंत होता. २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठाननं त्यांचा गौरव केला, २०१० साली फोर्ब्स मासिकानं नाव घेतलं, आणि ३ जून २०१८ रोजी ते गेले तेव्हाही घरची ओढाताण संपलेली नव्हती.

दुष्काळाशी याचा संबंध जवळचा आहे. एका पट्ट्यात सगळीकडे एकच वाण असेल आणि वर युरियाचा मारा असेल, तर कीड एकाच झेपेत सगळं घेऊन जाते. २०१७ साली तुडतुड्यानं पूर्व विदर्भातल्या धानाची तशी नासाडी केली. ज्या गावात हलकं धान, जड धान, जुनं वाण, नवं वाण, वरकस जमिनीवर कोदो-कुटकी अशी सरमिसळ असते, तिथे सगळं एकदम बुडत नाही. ही सरमिसळ कापणीला त्रासाची, मळणीला त्रासाची आणि व्यापाऱ्याला नकोशी असते. तीन लोंब्या वेगळ्या ठेवणारा माणूस ती सांभाळतो.

पाचवा मूर्ख म्हणजे गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव. वन हक्क कायद्याखाली २०१२ साली या गावाला एक हजाराहून अधिक हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाल्यावर सर्वांत सोपा आणि रोख धंदा तेंदूपत्त्याचा. ग्रामसभेनं विचार केला आणि तो बंद केला. चांगला पाला फुटावा म्हणून झाडं खुडली-छाटली जातात, जंगलात आगी लावल्या जातात, आणि तेंदूला फळ धरत नाही, असं गावाचं म्हणणं पडलं. तेंदूचं फळ माणसाला लागतं आणि पाखरांनाही लागतं. जंगलाचा एक भाग तर गावानं हात न लावता राखून ठेवला. उत्पन्न मुख्यतः बांबूतून घ्यायचं ठरलं. ज्या गावात प्रत्येक घरानं उन्हाळ्यातली ती कमाई आधी पाहिलेली आहे, तिथे ती स्वखुशीनं सोडणं ही साधी गोष्ट नाही. आग न लागलेल्या जंगलात पालापाचोळा टिकतो, पाणी मुरतं, आणि पावसाळ्यात वास्ते म्हणजे बांबूचे कोंब, सात्या म्हणजे अळंबी, आणि तरोट्याची भाजी मिळते. आषाढ-श्रावणात, ढोल्या रिकाम्या असताना आणि रोवणीचं कंबरडं मोडणारं काम असताना, झाडीपट्टीतल्या गरिबाचं कोरड्यास तेच असतं.

सहावा मूर्ख धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत या गोंड गावानं अभ्यास गट चालवले आणि निर्णय सर्वसहमतीनं घ्यायचा नियम केला. बहुमतानं पाच मिनिटांत जे झालं असतं त्याला इथे महिने लागतात. पण असा निर्णय मोडायला मागे कुणी दुखावलेला माणूस उरत नाही. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत हे गाव होतं, सुमारे अठराशे हेक्टरांवर. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार वनखात्याकडून ग्रामसभेच्या हातात आला, आणि २०१३ साली गावानं ग्रामदान करून सगळी जमीन ग्रामसभेच्या नावे केली. आपली सातबाऱ्यावरची जमीन गावाच्या नावावर चढवणं ही व्यवहारी जगाच्या दृष्टीनं मूर्खपणाची परिसीमा आहे. पण ती जमीन आता वाईट वर्षी सावकाराकडे गहाण पडत नाही. १९०० सालच्या दुष्काळात माणसाच्या हातून जे जे निसटत गेलं, त्यातलं एक तरी या गावानं बांधून ठेवलं आहे.

इथे कुणी म्हणेल की हे सगळं असूनही माणसं मेलीच. मेली, आणि ते लपवून चालणार नाही. तलाव एका पावसाळ्याचं पाणी सांभाळतो, अख्खा पावसाळाच गेला तर तोही कोरडा पडतो. मोहफुलावर घर एक-दोन महिने निघतं, वर्ष निघत नाही. गावाचा मूर्खपणा जिथे संपतो तिथून पुढे सरकारनं मूर्ख व्हावं लागतं, आणि महाराष्ट्र सरकार एकदा तसं झालंही होतं. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला १९६५ साली जो प्रयोग केला, त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. काम मागेल त्याला काम, तो खरंच गरीब आहे का याची चौकशी नाही, आणि खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला आणि बंधारे बांधायला गेली. हा पैसा खड्ड्यात गेला असं म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. त्या वर्षी पीक १८९९ सारखंच बुडालं होतं, पण माणसं तशी मेली नाहीत. १९७७ साली या योजनेचा कायदा झाला आणि २००५ साली देशानं तो उचलला.

आता रस्त्याच्या कडेला पडून माणूस मरत नाही, म्हणून आपण दुष्काळ संपला असं समजतो. त्याचं रूप बदललं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं गडचिरोलीतल्या बालमृत्यूंची मोजदाद करून 'कोवळी पानगळ' अहवाल समोर ठेवला, तेव्हा महाराष्ट्राला कळलं की भूक आता बाळंतिणीच्या आणि पाळण्यातल्या मुलाच्या अंगात दडून राहते. त्याच संस्थेनं गावातल्या बाईला नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि आपल्या ३९ गावांतला बालमृत्यूदर हजारी १२१ वरून ३० वर आणला. थोडं शिकलेल्या बाईच्या हातात इंजेक्शन देणं हा तेव्हाच्या वैद्यकाला मूर्खपणाच वाटला होता. पीक बुडण्याच्या तऱ्हाही वाढल्या आहेत. २०२० च्या ऑगस्टात वैनगंगेच्या पुरानं ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरीकडची शेतं बुडवली, २०२२ मध्ये सिरोंचा तालुका पाण्याखाली गेला. अवर्षण, पूर, तुडतुडा, रानडुक्कर, आणि वाघाच्या भीतीनं राखणीविना सोडलेलं शेत, या सगळ्यांचा शेवट एकाच रिकाम्या ढोलीत होतो.

पढतमूर्ख कोण, हे या सगळ्यातून मला कळलं आहे. ज्याला एका वर्षाचा हिशेब उत्तम येतो आणि दहा वर्षांचा अजिबात येत नाही तो. तलावाचं पोट भरून घेतलं तर यंदा दोन एकर वाढतात. मोह तोडला तर यंदा एक पोतं वाढतं. लाखोळी सोडली तर यंदा कष्ट वाचतात. एकच वाण लावलं तर यंदा भाव बरा येतो. दहातल्या आठ वर्षी तो बरोबर ठरतो, आणि उरलेल्या दोन वर्षांची किंमत त्याच्या घरातली मुलं भरतात. सहाही मूर्खांचं लक्षण उलट आहे. चांगल्या आठ वर्षांत ते दरवर्षी थोडा तोटा सोसतात, म्हणून वाईट दोन वर्षांत त्यांच्याजवळ दुसरं काहीतरी असतं. पण हा तोटा त्यांनी एकट्यानंच का सोसावा? मोह राखणाऱ्याच्या बांधीवर पंचनामा होतो तेव्हा पैसेवारी धानाची मोजतात. त्या बांधावरचं झाड, तलावातली मासळी, घरात जपलेलं दहा जातींचं बी, यातलं काहीच कागदावर येत नाही. मग कर्ज देणारा आणि विमा उतरवणाराही त्याला मागासलेला शेतकरी समजतो.

म्हणून ही स्तुती नुसती शाबासकी देऊन थांबू नये. माजी मालगुजारी तलाव ग्रामसभांच्या ताब्यात द्यावेत, डागडुजीच्या कायमच्या पैशासकट, आणि त्यांच्या पोटातली अतिक्रमणं काढावीत. सामूहिक वनहक्क मिळालेल्या हजाराहून अधिक ग्रामसभा एकट्या गडचिरोलीत आहेत, त्यांना आपलं जंगल आपल्या बुद्धीनं राखू द्यावं. जुनी वाणं जपणाऱ्या शेतकऱ्याला विद्यापीठानं गुरू मानून मानधन द्यावं. शाळेच्या आणि अंगणवाडीच्या ताटात कोदो-कुटकी, रानभाज्या आणि मोहफूल यावं. रोजगार हमीचं काम मागेल त्या दिवशी मिळावं आणि मजुरी त्याच आठवड्यात हातात पडावी. यातल्या प्रत्येक गोष्टीत यंदा तोटा आहे, हे मला मान्य आहे. तो तोटा सगळ्या महाराष्ट्रानं मिळून सोसावा, एवढंच माझं मागणं आहे, कारण हस्ताचा पाऊस पुन्हा कधीतरी चुकणार आहे, आणि त्या वर्षी धानाखेरीज ताटात काय येईल हे आजच्या चांगल्या वर्षांतच ठरतं आहे.